आवाज येतो, लफ्ज येत नाहीत

छोटे मामू ईदला सौदीहून आले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून खजूर, अत्तर आणि मुलांच्या चॉकलेटांबरोबर एक मोठं काळं खोकंही निघालं. "दुल्हाभाई, हे तुमच्यासाठी," म्हणत त्यांनी ते अब्बांच्या पुढ्यात ठेवलं. आत हेडफोन होता. बायरडायनॅमिक या जर्मन कंपनीचा, डीटी ७७० प्रो, २५० ओहमचा. स्टुडिओत रेकॉर्डिंग करणारे वापरतात तो. मामूंच्या ओळखीतल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की ऐकण्याची खरी आवड असणाऱ्या माणसाला द्यायचा तर हाच द्या.

अब्बांची आवड जुनी. आम्ही मिरजेचे. इथे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, १९३७ साली वारल्यावर इथेच दफन झाले आणि त्यांच्या आठवणीसाठी ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या दिवसांत गाणं होतं. त्या रात्री अब्बांनी लहानपणापासून सहसा चुकवल्या नाहीत. आता पंच्याहत्तरी उलटल्यावर गर्दीत बसवत नाही, म्हणून इशानंतर तासभर घरीच ऐकतात. कधी बेगम अख्तरांची गझल, कधी मेहदी हसन, कधी खाँसाहेबांच्या जुन्या तबकड्यांवरून घेतलेली रेकॉर्डिंग. शेख अब्दुल बासित यांची तिलावतही ऐकतात, पण ती फजरनंतर, टोपी घालून, वेगळं बसून. ती आणि गाणं ते एका बैठकीत आणत नाहीत. संगीताबद्दल आपल्या घराघरांत वेगवेगळी मतं आहेत हे आम्हाला माहीत आहे. आमच्या घरात ऐकलं जातं, एवढं सांगून पुढे जातो.

हेडफोन फोनला लावला. अब्बांनी डोळे मिटले, मग उघडले. फोनचा आवाज पूर्ण वर नेला, तरी त्यांच्या कपाळावरची आठी जाईना. "चांगला आहे," ते मामूंचं मन राखायला म्हणाले, "पण लांबून ऐकू आल्यासारखं वाटतं."

"याला अँप लागतो," मामू म्हणाले. "छोटा, खिशात मावणारा. त्याशिवाय हा हेडफोन उठायचा नाही."

त्या एका वाक्याने आमचे पुढचे दोन महिने गेले. अनेक घरांत हाच प्रश्न या ना त्या रूपात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा अँप म्हणजे काय ते. फोनमधलं गाणं हे आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं. त्या आकड्यांचा विजेचा हेलकावा करतो तो डॅक. तो हेलकावा इतका क्षीण असतो की त्याने हेडफोनचा पडदा हलत नाही. त्याला जोर देतो तो अँप. प्रत्येक फोनमध्ये दोन्ही होतेच. २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनची गोल पिन गेली, मग एकेक करत इतरांनीही काढली आणि हे दोन्ही भाग फोनबाहेर, बोटाएवढ्या डोंगलमध्ये आले. म्हणजे टाइप-सीच्या तोंडातून गोल पिन काढून देणारी जी छोटी दोरी आपण विकत घेतो, ती नुसती दोरी नसते. तिच्या बोंडात डॅक आणि अँप बसलेले असतात. अर्थात, सगळ्याच दोऱ्यांत नसतात. शंभर-दीडशे रुपयांच्या काही जोडण्यांत आत काहीच नसतं, त्या पुष्कळ फोनवर मुक्याच राहतात आणि लोक फोन बिघडला असं समजतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी माणसं पैसे घालवतात. हेडफोन ब्लूटूथवर चालणारा असेल तर त्याला बाहेरचा अँप लावण्यात अर्थ नाही. त्याचा डॅक आणि अँप हेडफोनच्या पोटातच असतात. हा सारा खटाटोप तारेच्या हेडफोनसाठी.

आमचा धाकटा बारावीला आहे. त्याने वहीत यादी केली. पुण्याला लग्नाला गेलो होतो, तेव्हा आम्ही तपकीर गल्लीही पालथी घातली. तिथल्या एका दुकानदाराने बारा हजारांचा डबा पुढे केला आणि म्हणाला, "जितके वॅट जास्त, तितका आवाज साफ." वाक्य ऐकायला इतकं पटणारं होतं की पाकीट हातात आलं होतं. वाचवलं ते घरच्या सवयीने. अम्मींनी लग्नाच्या मांडवातूनच फोनवर विचारलं, "गरज किती आहे ते मोजलं का?" त्यांच्या तोंडी इस्राफ हा शब्द आला की आमच्याकडे खरेदी एक दिवस पुढे ढकलली जाते.

आणि खरोखर ते मोजता येतं. हेडफोनच्या खोक्यावर दोन आकडे असतात. एक ओहम, म्हणजे इम्पीडन्स, विजेला होणारा अडथळा. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वीज दिल्यावर किती डेसिबल आवाज निघेल. लोक पहिला आकडाच पाहतात. २५० ओहम दिसलं की घाबरतात, ३२ दिसलं की निश्चिंत होतात. पण दोन्ही जोडीने पाहिल्याशिवाय काही कळत नाही. पाण्याच्या नळाचं उदाहरण घ्या. नळाचं तोंड किती अरुंद आहे हे ओहम सांगतं. पण बादली किती मोठी आहे, हे दुसरा आकडा सांगतो.

आमच्या हेडफोनची सेन्सिटिव्हिटी १ मिलिवॅटला ९६ डेसिबल. साध्या फोनच्या पिनेतून किंवा कमजोर डोंगलमधून साधारण अर्धा व्होल्ट मिळतो. अर्धा गुणिले अर्धा, भागिले २५०, म्हणजे बरोबर १ मिलिवॅट. म्हणजे फोन पूर्ण वर नेला की सर्वांत मोठा क्षण ९६ डेसिबलला पोचतो. एक व्होल्टचा डोंगल असेल तर ४ मिलिवॅट, १०२ डेसिबल. दोन व्होल्टचा असेल तर १६ मिलिवॅट, १०८ डेसिबल. बारावीच्या पोराने हे वहीच्या अर्ध्या पानावर केलं. तुलनेला त्याने ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स घेतला, ३८ ओहम आणि ९९ डेसिबलचा. त्याला तोच अर्धा व्होल्ट दिला तर आवाज १०७ डेसिबलपर्यंत जातो. त्याला अँप घेणं म्हणजे सायकलला ट्रॅक्टरचं इंजिन. उलट, सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा, एका व्होल्टला ९७ डेसिबल देणारा. अर्ध्या व्होल्टवर तो ९१ च्या पुढे जात नाही. तो मात्र अँप मागतो.

९६ डेसिबल म्हणजे कमी नव्हे, कानठळ्या बसतील इतकं आहे. मग अब्बांना लांबून का वाटत होतं? एक कारण रेकॉर्डिंगचं. आजचं फिल्मी गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच मोठ्या पातळीवर भरलेलं असतं. जुन्या गझलेत, ख्यालात तसं नसतं. सर्वांत मोठा क्षण ९६ ला असला तरी बाकीचं गाणं त्याच्या पंधरा-वीस डेसिबल खाली चालतं आणि काही रेकॉर्डिंग मुळातच खालच्या पातळीवर केलेली असतात. तेव्हा थोडा जोर हाताशी असावा, हे मामूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फक्त तो जोर बारा हजारांचा नव्हता. दीड-दोन व्होल्ट देणारा साधा, नावाजलेल्या कंपनीचा डोंगल त्याच्या कितीतरी कमी पैशांत येतो. आम्ही तोच घेतला.

घेताना काय पाहिलं तेही सांगतो. आवाज वाढवण्याची बटणं डोंगलवरच हवीत, आणि वयस्कर माणसाच्या बोटाला कळतील अशी. गोल फिरवायची चकती असलेला मिळाला तर आणखी चांगलं. आपल्याच फोनला लावून ऐकल्याशिवाय घ्यायचा नाही, कारण काही डोंगल एका कंपनीच्या फोनवर खणखणीत वाजतात आणि दुसऱ्या फोनवर तोच डोंगल मेल्यासारखा होतो, आवाजाची सूत्रं फोन त्याच्या हाती देतच नाही. गाणं बंद ठेवून शांततेत कान द्यायचा. कानात घालायचे छोटे इअरफोन फार संवेदनशील असतात, जोरकस अँपला लावले की त्यांत पाऊस पडल्यासारखी सूं ऐकू येते. स्वतःची बॅटरी असलेले अँपही असतात. ते फोनची बॅटरी खात नाहीत, पण ते चार्ज करणं हे घरात आणखी एक काम होऊन बसतं. फिओ, क्वेडेलिक्स यांच्यासारख्या कंपन्यांचे, सदऱ्याला चिमट्याने अडकवायचे ब्लूटूथ अँपही मिळतात. तारेचा हेडफोन त्यात खोचायचा, फोन दुसऱ्या खोलीत राहिला तरी चालतो. अब्बांसाठी तो पर्याय मनात होता. पण वजूला उठताना तो सदऱ्यावरच राहणार आणि एक दिवस बादलीत जाणार, हे अम्मींनी आधीच सांगून ठेवलं.

डब्यावर ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ असलं काहीबाही मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. त्याकडे आम्ही पाहिलं नाही. साधी सीडी १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झची असते आणि माणसाच्या कानाला ते पुष्कळ झालं. खाँसाहेबांची रेकॉर्डिंग तर ७८ गतीच्या तबकड्यांवरची, एकेक जेमतेम तीन मिनिटांचं. त्यांत वरचे बारीक नाद मुळातच उतरलेले नाहीत. जे तबकडीत शिरलंच नाही, ते कुठलाही अँप बाहेर काढणार नाही.

डोंगल आला. अब्बांनी हेडफोन चढवला, बेगम अख्तर लावली. आवाज भरपूर आला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. त्यांनी आवाज वाढवला. आणखी वाढवला. मग एकदम दचकून हेडफोन कानावरून बाजूला केला.

"आवाज येतो रे," ते म्हणाले. "लफ्ज येत नाहीत."

आम्हाला वाटलं, डोंगल खराब. धाकट्याने स्वतः ऐकलं, त्याला शब्द स्वच्छ आले. आम्ही ऐकलं, आम्हालाही आले. पेटी, तबला, गाणाऱ्याचा सूर, अब्बा सारं बरोबर सांगत होते. फक्त शेर कुठला ते सांगता येईना. गझल ऐकणाऱ्या माणसाला रदीफ ऐकू न येणं म्हणजे काय, ते आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं.

तेव्हा एकेक गोष्ट आठवायला लागली. नातीच्या बोलण्यावर नुसतं हसून मान डोलावणं. टीव्हीचा आवाज. आणि सर्वांत खुपलेली गोष्ट, जी आम्ही तेव्हा मनावर घेतली नव्हती. मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणाऱ्यांची जुनी घराणी आहेत, बहुतेक आपलीच माणसं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आख्ख्या गावाला आपलाच सत्कार झाल्यासारखं वाटलं. अब्बांची तिथल्या एका दुकानात असरनंतरची बैठक. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा एक धागा असतो. तो केसभर मागेपुढे सरकवला की तारेतून झणझणता, मधमाशीसारखा गुंजणारा नाद उमलतो. त्याला जवारी म्हणतात. जवारी नेमकी कुठे खुलली, हे सांगायला तिथले कारागीर कधीकधी अब्बांकडे पाहत. गेलं वर्षभर अब्बा विचारल्यावर "ठीक आहे" म्हणायचे आणि चहाचा कप उचलायचे. आम्हाला वाटलं, उतारवयात आवड कमी झाली.

मामूंचा हेडफोन आला नसता तर आम्ही आणखी दोन वर्षं तेच समजत राहिलो असतो.

सांगलीला कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानातला मळ काढला. पुष्कळांचं काम एवढ्यावरच भागतं, म्हणून हे पहिलं. मग ऑडिओलॉजिस्टने काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. वेगवेगळ्या पट्टीचे बारीक नाद ऐकवायचे, ऐकू आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाचं काम. हातात एक कागद येतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. डावीकडे २५० हर्ट्झचे खर्जातले नाद, उजवीकडे ८००० हर्ट्झचे बारीक. अब्बांची रेघ डावीकडे जवळपास सरळ होती आणि उजवीकडे कड्यावरून उतरावी तशी खाली गेली होती. ४००० हर्ट्झला ६५ डेसिबल. वयाने येणारा बहिरेपणा बहुधा असाच येतो, वरून सुरू होतो.

स, श, फ, ख, थ या व्यंजनांचा जीव त्या वरच्या पट्टीत असतो. स्वर मात्र खाली असतात. म्हणून अशा माणसाला समोरचा बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते कळत नाही. "शाम" आहे की "काम", ते अंदाजाने ठरवावं लागतं. जवारीचा गुंजारवही वरच्याच नादांचा बनलेला असतो.

आता अँप काय करतो ते पाहा. तो सगळंच सारखं वाढवतो. आमच्या डोंगलने अर्ध्या व्होल्टचे दोन व्होल्ट केले, म्हणजे १२ डेसिबल वाढवले. डग्ग्याचा घुमारा, पेटीचा खर्ज, जे अब्बांना आधीच चांगलं ऐकू येत होतं तेही १२ ने वाढलं. शेवटचा "स" ज्या खोल खड्ड्यात पडला होता, तिथून बारा पायऱ्या वर आला, तरी खड्ड्यातच राहिला. त्यासाठी आणखी वाढवावं तर बाकीचं कानात घुसतं. लग्नाच्या कव्वालीत माइकवाला नुसता आवाज चढवतो आणि पुढच्या रांगेतल्या माणसाचे कान फाटतात, पण बोल मागच्या रांगेइतकेच अगम्य राहतात, तसं.

दचकण्याचंही कारण डॉक्टरांनी सांगितलं. असा कान हळू आवाज ऐकत नाही, पण मोठा आवाज त्याला निरोगी कानाइतकाच, कधी त्याहून जास्त टोचतो. दोन्हींमधली जागाच आक्रसलेली असते. घरोघरी म्हातारी माणसं आधी "काय म्हणालास?" आणि आपण जोरात बोललो की "ओरडतोस कशाला?" म्हणतात. आपण रागावतो. तो हेकेखोरपणा नसतो.

श्रवणयंत्र, ज्याला आपण कानाची मशीन म्हणतो, ते अँपच असतं, पण त्या कागदाकडे पाहून लावलेलं. जिथे जेवढी उणीव, तिथे तेवढीच भर. हळू आवाज जास्त वाढवायचे, मोठे आवाज थोडेच. बाजारात, मेळ्यात, जाहिरातीत हजार-बाराशेला "कानाची मशीन" म्हणून जे विकतात, त्यांतली बरीच सगळं सारखं वाढवणारीच असतात, म्हणजे आमचा डोंगलच, फक्त कानात बसणारा. तपासणीशिवाय ती घेऊ नयेत, एवढं आम्ही आवर्जून सांगू.

चांगलं यंत्र महाग असतं, हे खरं. पण तपासणी महाग नसते. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून याच कामाची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिला महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या अली यावर जंग यांचं नाव आहे. नाव ऐकलेलं असतं, तिथे काय होतं ते आपल्याला माहीत नसतं. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र मिळू शकतं. अशा योजनांचे अर्ज आपल्या मोहल्ल्यांतून कमी जातात, कारण कान कमी झाला ही आपल्याकडे सांगायची गोष्ट नसते. चष्मा लागला की दहा जणांना फ्रेम दाखवतो, मशीन लागली की टोपी खाली ओढतो.

अब्बाही आधी नाहीच म्हणाले. "आता किती दिवस राहिलेत" हे उत्तर प्रत्येक घरात मिळतं. आम्ही वाद घातला नाही. धाकट्याने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन इक्वलायझरमध्ये वरच्या पट्ट्या चढवल्या, खालच्या उतरवल्या आणि डोंगलचा आवाज अर्ध्यावर आणला. अब्बांना तेच गाणं पुन्हा ऐकवलं. आयफोनमध्ये तर हेडफोनच्या सेटिंगमध्ये ऑडिओग्रामप्रमाणे आवाज जुळवून घ्यायची सोय आहे. दोन्ही कानांत फरक असेल तर उजव्या-डाव्याचा तोल बदलता येतो, दोन्हीकडचं गाणं एकत्र करून दोन्ही कानांत सारखं सोडता येतं. पुष्कळ अँड्रॉइड फोनमध्येही ही तोलाची सोय असते. यासाठी पैसा लागत नाही.

अब्बा ऐकत राहिले. मधेच त्यांनी बोट वर केलं आणि शेराचा दुसरा मिसरा बेगम अख्तरांच्या अर्धा क्षण आधी पुटपुटला. तो त्यांना पाठच होता, त्यामुळे ऐकू आला की आठवला हे आम्हाला सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते मशीनसाठी सांगलीला यायला तयार झाले, एवढं खरं.

आता धाकट्याबद्दल लिहायला हवं, कारण अब्बांना डोंगलची गरज उरली नाही आणि तो ताबडतोब त्याच्या खिशात गेला. कानात घालायचे त्याचे इअरफोन १६ ओहमचे, मिलिवॅटला ११० डेसिबलच्या आसपास. त्यालाच त्याचं वहीतलं गणित पुन्हा करायला लावलं. हा डोंगल पूर्ण वर नेला तर इअरफोनमधून सव्वाशे डेसिबलच्या वर आवाज निघू शकतो. पोरगं गप्प झालं.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल. लहान मुलांसाठी ७५. आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास, ८९ ला ५ तास, ९२ ला अडीच तास, तेही दिवसाला नव्हे, आठवड्याला. कारण ३ डेसिबल म्हणजे दुप्पट ऊर्जा, कानाला मात्र ती थोडीशीच वाढ वाटते. एसटीत, रिक्षात, रस्त्यावरच्या गोंगाटात आपण नकळत दहा डेसिबल वाढवतो, म्हणजे ऊर्जा दहापट. कानाच्या आतल्या शंखातल्या ज्या बारीक केसांच्या पेशी नाद पकडतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वयाने आधी जातात त्या वरच्या पट्टीच्या, आणि मोठ्या आवाजानेही आधी त्याच जातात. आजोबांना ७५ व्या वर्षी मिळालेला तो उतरता कागद नातवाला पस्तिशीत मिळू शकतो.

डोंगलची दुसरी बाजू इथेच आहे आणि ती आमच्या लक्षात उशिरा आली. फोनला आवाजाची जी मर्यादा घातलेली असते, ती फोनच्या स्वतःच्या पिनेला धरून. जोरकस डोंगल लावला की तीच मर्यादा कागदावर राहते. फोन पडद्यावर "अर्धा" दाखवतो आणि कानात दुप्पट जातं. म्हणून इअरफोनवाल्या मुलासाठी अँप घ्यायचाच असेल तर कमीत कमी जोराचा, कमी गेनची सोय असलेला. आणि हेडफोन कानाला लावायचा तो गाणं सुरू करून आवाज खाली आणल्यावर. काही डोंगल खोचल्या खोचल्या पूर्ण आवाजाने सुरू होतात. आमच्या घरी एकदा तसं झालं, सुदैवाने हेडफोन उशीवर होता आणि उशीतूनही ऐकू आलं.

धाकट्याशी तह झाला तो असा. बाहेरचा गोंगाट अडवणारे, कानात नीट बसणारे रबराचे बोंड घ्यायचे, म्हणजे आवाज वाढवावाच लागत नाही. ते फार तर दोनशे रुपयांचं काम. डोंगल त्याच्या इअरफोनला लावायचा नाही, मामूंचा डीटी ७७० त्याने घ्यायचा आणि डोंगल फक्त त्यालाच. मामूंना फोन करून विचारलं. ते म्हणाले, "दुल्हाभाईंना ऐकू येऊ दे, हेडफोन कुणाच्याही डोक्यावर असू दे."

अब्बांची यंत्रं आली त्याला आता तीन महिने झाले. पहिले चार दिवस वाईट गेले. कुकरची शिट्टी, प्लॅस्टिकच्या पिशवीची सळसळ, अम्मींच्या बांगड्या, पंख्याचा आवाज, सगळं एकदम अंगावर आलं आणि त्यांनी ती दोन वेळा काढून कपाटात ठेवली. मेंदूला त्या आवाजांची सवय सुटलेली असते, ती पुन्हा लावावी लागते, असं आम्हाला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी दोन तास, मग तीन, असं करत नेलं. गाण्यासाठी यंत्रात वेगळी मांडणी करून घ्यावी लागली, कारण बोलण्यासाठी केलेली मांडणी तानेलाही गोंगाट समजून दाबायला बघते. हे ऑडिओलॉजिस्टला आपणहून सांगावं लागतं. आम्ही दुसऱ्या खेपेला सांगितलं, पहिल्याच खेपेला सांगायला हवं होतं. यंत्रं ब्लूटूथची असल्याने फोनमधलं गाणं सरळ त्यांच्यातच येतं. हेडफोन नाही, डोंगल नाही, वायर नाही. यंत्रातून खर्ज जरा पातळ येतो, तबल्याचा घुमारा हेडफोनसारखा भरीव नाही, याची कुरकुर अब्बा करतात. ती आम्ही आनंदाने ऐकतो.

गेल्या आठवड्यात असरनंतर ते कितीतरी दिवसांनी तंबोऱ्याच्या दुकानात गेले. आमच्यापैकी एक जण सोबत होता. कारागीर नव्या तंबोऱ्याच्या जोडाच्या तारेखाली धागा घालत होता. तार छेडायचा, धागा केसभर सरकवायचा, पुन्हा छेडायचा. चहा आला. अब्बांनी कपाला हात लावला नाही. तार वाजत होती, धागा सरकत होता, आणि एका ठिकाणी अब्बांनी हात वर केला.

"बस," ते म्हणाले. "इथेच राहू दे."